गिरणी जिना चढत नाही

आमच्या घराची जादा किल्ली नातेवाइकांकडे नसायची, शेजारीही नसायची. ती खाली गिरणीत असायची. पैशाच्या पेटीमागे एक फळी होती, तिला ओळीने खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला एकेका बिऱ्हाडाची किल्ली. शाळेतून आले की मी न बोलता हात पुढे करायचे आणि गिरणीवाले काका न बघता नेमकी आमचीच किल्ली हातावर ठेवायचे. किल्लीवर पीठ असायचं. ते कुलपातही जायचं. वर्षा-दोन वर्षांनी कुलूप अडकायला लागलं की बाबा खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि म्हणायचे, "ज्वारी दिसतेय."

वाडा पुण्यातल्या शुक्रवार पेठेतला. मंडईपासून चालत पाच मिनिटं, पिशवी जड असेल तर आठ. रस्त्याच्या बाजूने सात गाळे. दिंडी दरवाजाच्या एका हाताला तीन, दुसऱ्या हाताला चार. गिरणी, तिला लागून शिंपी, मग सायकलवाला, किराणा, अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांची कामं घेणारा एक बाइंडर, आणि एक गृहस्थ, जे पावसाळ्याचे चार महिने छत्र्या दुरुस्त करायचे आणि उरलेले आठ महिने स्टोव्ह. सातवा गाळा कायम बंद. त्यात गल्लीतल्या मंडळाचं मांडवाचं सामान. दरवाजातून आत गेलं की देवडी, मग चौक, चौकात आड, चारी बाजूंनी ओसऱ्या आणि वर दोन मजले माड्या. बिऱ्हाडं अकरा. आमचं घर तीन खणांचं. तेव्हा घर खणांत मोजायचे, आणि पाहुण्यांना ते लाज न वाटता सांगायचे.

वर राहणाऱ्यांचं खालच्यांशी काही खास सख्य होतं असं नाही. किराणावाल्याशी आजीचं वर्षातून दोनदा तरी वाजायचं. पण मी वाढले हे घरच्यांच्या आधी शिंप्याला कळायचं. आमच्याकडे पाहुणे आले हे दळणाच्या डब्याच्या वजनावरून गिरणीला कळायचं. समोरच्या माडीवरच्या आजोबांनी दोन दिवस पेपर उचलला नाही, तेव्हा पहिल्यांदा वर गेला तो सायकलवाला. त्याने दार वाजवलं, ते उघडलं नाही, आणि तो किल्ली आणायला धावत गिरणीत गेला. आजोबांना नुसता ताप होता. त्यांनी त्याला झोपमोड केल्याबद्दल झापलं.

या सगळ्याला काही नाव असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ते नाव 2017 साली आलं, गुळगुळीत कागदावर. बिल्डरच्या माहितीपत्रकात सात मजली इमारतीचं चित्र होतं, तळाशी काचेची दुकानं, चित्रातल्या रस्त्यावर एकही रिक्षा नाही, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'मिक्स्ड यूज'. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "म्हणजे खाली दुकानं आणि वर माणसं?" त्यांनी विचारलं. हो, असं बिल्डरचा माणूस म्हणाला. बाबांनी खिडकीतून खाली बघितलं. गिरणीचा पट्टा फटफटत होता. त्यांनी पुन्हा माहितीपत्रकाकडे बघितलं आणि ते काही बोलले नाहीत. बाबा गप्प बसले की समजायचं, त्यांना हसू येतंय.

वाड्याच्या आठवणी काढून उसासे टाकणारा हा लेख नाही. तसे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बहुतेक अशा लोकांनी लिहिलेत ज्यांना पहाटे चौकात पाणी भरायला कुणीतरी दुसरं होतं. आमच्याकडे अकरा बिऱ्हाडांना चार संडास होते. कडीपाटातून माती गळायची, पावसाळ्यात पातेली मांडावी लागायची, आणि माडीवर कुणी जोरात चाललं की खालच्यांच्या आमटीत काय पडलं ते विचारायचं नाही. आई सत्तरीत गुडघे धरून तो लाकडी जिना उतरायची, दोराला धरून, उलट्या पावलांनी. नव्या इमारतीत लिफ्टचं बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते, देवळात मिटतात तसे. वाडा पडला याचं दुःख आईला विचारू नका.

मालकांनाही विचारू नका. मुंबई भाडे नियंत्रण कायदा 1947 सालचा. त्याने प्रमाण भाडं बांधलं ते 1 सप्टेंबर 1940 रोजी जे होतं त्याला. आमचं भाडं महिना 22 रुपये. पुढे 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि मालकांना वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. 22 रुपयांवर 4 टक्के म्हणजे 88 पैसे. मालक पावती लिहिताना ते 88 पैसे फार वळणदार अक्षरात लिहायचे. अकरा बिऱ्हाडं आणि सात गाळ्यांच्या भाड्यात वर्षाची कौलंसुद्धा शेकारून होत नव्हती. छप्पर गळतं म्हणून आम्ही मालकांवर चिडायचो, मालक भाडं बघून आमच्यावर, आणि जूनच्या तोंडावर महापालिका दोघांनाही धोकादायक वाड्याची नोटीस लावून जायची. हे असं पन्नास वर्षं चाललं तर वाडा पडणारच. तो कुणी पाडला हा प्रश्न मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्याच्या जागी काय उभं राहिलं, यावर मात्र मी बोलणार आहे.

करार झाला. बैठका चौकात व्हायच्या, सतरंजी टाकून. प्लॉट 362 चौरस मीटर. घर घेणाऱ्यांना बिल्डरपासून संरक्षण देणाऱ्या रेराच्या कायद्यात 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही, म्हणजे पेठेतले कितीतरी वाडे या जाळ्यातून आपोआप निसटतात. ज्यांना संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, त्यांचा प्लॉट सगळ्यात छोटा! बिल्डरने अडीच वर्षं सांगितली. लागली सहा. मधे कोरोना आला, मधे राज्याची नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि नकाशे पुन्हा काढावे लागले. ठरावीक उंचीच्या वर गेलं तर बाजूला मीटरभर जागा सोडा, असं आर्किटेक्टने सांगितलं. एकमेकांना पाठ टेकून उभ्या असलेल्या वाड्यांना मीटरभर बाजूला सरकायला सांगायचं म्हणजे गर्दीच्या बसमधल्या माणसाला जरा ऐसपैस उभा राहा म्हणण्यासारखं. तिसऱ्या वर्षी बिल्डरकडून येणारं घरभाडं थांबलं. धनकवडीतल्या त्या भाड्याच्या फ्लॅटबद्दल मला लिहायचं नाही.

त्या बैठकांमधली एक गोष्ट मात्र मी विसरलेले नाही. वरच्या बिऱ्हाडांचं ठरल्यावर गाळेवाल्यांची पाळी आली. गिरणीचा गाळा साडेसहा फूट रुंद आणि सतरा फूट खोल, म्हणजे 110 चौरस फूट. बिल्डरच्या माणसाने मोठ्या मनाने सांगितलं, काकांना 120 देऊ. पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. दहा फूट जास्त! सगळ्यांनी काकांकडे बघितलं. आम्हालाही सौदा बरा वाटला होता, हे कबूल करायला हवं. काका हाताचं पीठ झटकत उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "गिरणी जिना चढत नाही."

लोक हसले. काकांनी विनोद केला नव्हता. गिरणीला थ्री फेज लागते, दगड फिरायला लागले की जमीन हादरते, म्हणून तिचा पाया थेट मातीत घालतात; स्लॅबवर ती चालवली तर महिन्याभरात खालचा तक्रार करतो आणि वर्षात स्लॅब. हे त्यांनी सांगितलं. पण मूळ मुद्दा त्याहून साधा होता. दहा किलोचा डबा घेऊन बाई पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला येणार नाही. ती रस्त्याने जाता जाता डबा ठेवते आणि येता येता उचलते. त्यांचा धंदा 110 चौरस फुटांवर चालत नव्हताच, तो रस्त्याला लागलेल्या त्या साडेसहा फुटांवर चालत होता. करारात त्या साडेसहा फुटांसाठी रकानाच नव्हता.

काकांनी रोख रक्कम घेतली आणि ते गेले. शिंपी, बाइंडर, सायकलवालाही गेले. छत्रीवाले आधीच वारले होते.

नव्या घरात आम्ही 2024 च्या दिवाळीत आलो. महिनाभर आधीच, 29 सप्टेंबरला, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला होता, आणि मंडईचं स्टेशन आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. पिशवी जड असली तरी पाचच, कारण तिथे सरकता जिना आहे. एजंट लोक आता फोनवर आमच्या गल्लीचं नाव न सांगता नुसतं 'मंडई मेट्रो' म्हणतात. घर छान आहे. हवा येते. संडास दोन, दोन्ही आमचे.

एका रविवारी मी खाली जाऊन टेपने मोजलं. बाबांनी टेपचं दुसरं टोक धरलं, वॉचमन बघत राहिला. वाड्याची दर्शनी रुंदी 52 फूट होती. सात गाळे साडेसहा-साडेसहा फुटांचे, म्हणजे साडेपंचेचाळीस. उरलेले साडेसहा दिंडी दरवाजाचे. थोडक्यात, 52 फुटांत आठ दारं, आणि मंडळाचा गाळा सोडला तर सातही दिवसभर उघडी. आता त्याच 52 फुटांतले साडेसहा दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्ट्यांत गेले. 18 फूट गाड्यांचं गेट. 8 फूट लॉबी, काचेचं दार, कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही. उरले साडेएकोणीस. त्यात दोन दुकानं: एक मोबाइलची कव्हरं विकतं, दुसऱ्यात रक्त-लघवी तपासणीचे नमुने घेतात. दोघांच्याही काचा बंद, कारण आत एसी. पहिल्या मजल्यावर एक सीए आणि स्पर्धा परीक्षांचा एक क्लास. त्यांचा जिना वेगळा, आमची लिफ्ट वेगळी. कायद्याच्या भाषेत याला मिश्र वापर म्हणतात. वरचा माणूस खालच्या माणसाला चुकूनही भेटणार नाही, एवढी मात्र काळजी घेतली आहे.

यात बिल्डरला शिव्या घालणं सोपं आहे, आणि सहा वर्षांसाठी मी त्या घातल्याही आहेत. पण तळमजला त्याने एकट्याने खाल्ला नाही. नियम म्हणतो, इतक्या सदनिकांना इतक्या गाड्यांची जागा दाखवा. आमच्यातले निम्मे भाडेकरू सायकल आणि पीएमटीच्या बसवर वाढलेले, पण नकाशात प्रत्येकाच्या नावाने चाकं आली. गाड्या आल्या म्हणून गेट आलं, गेट आलं म्हणून आत गाडी वळवायची जागा आली, एकावर एक गाड्या चढवणारं यंत्र आलं. मग मीटरची खोली, पंप, पाण्याची टाकी, आगीचा जिना. प्रत्येक गोष्ट एकेकटी बघितली तर शहाणपणाचीच आहे. आगीच्या जिन्याला कोण नाही म्हणेल? सगळ्या मिळून रस्त्याकडे पाठ करून बसतात. बरं, जादा बांधकामाचं गणित समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, 9 मीटरच्या आतल्या गल्लीला फारसं काही मिळत नाही. म्हणजे रस्ता किती रुंद आहे हे सगळे मोजतात. त्या रस्त्याला किती दारं लागलीत, हे मोजणारं खातं मला अजून सापडलेलं नाही.

मोजणीवरून मंडई आठवली. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. तो उठवून शुक्रवार पेठेत दगडी इमारतीत नेला 1886 मध्ये, तेव्हा तिचं नाव रे मार्केट. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, म्हणून नगरपालिकेत जोतिराव फुल्यांनी विरोध केला होता. पुढे तिला त्यांचंच नाव दिलं. या शहराचा हा जुना खोडसाळपणा. पण इमारत ज्याने आखली त्याला एक गोष्ट कळली होती. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यातून बाहेर पसरलेले लांबट पंख. चौकोनी गोदाम बांधलं असतं तर स्वस्त पडलं असतं. या आकारात मात्र बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या समोरून वाट जाते. मधे कुणी अडकून पडत नाही. मेथीची जुडी पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला विकली जात नाही, हे गॉथिक कमानी काढणाऱ्या साहेबालाही कळलं होतं.

दुसरं टोक बघायचं असेल तर माझ्या आत्याकडे जा. ती शनिवार पेठेत राहते, खिडकीतून शनिवारवाड्याचा बुरूज दिसतो. पाहुण्यांना फार भारी वाटतं. 1732 साली वास्तुशांत झालेला आणि 1828 च्या आगीत जळालेला तो वाडा केंद्राने संरक्षित केलेला आहे, आणि 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर अशा वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. परवानगी काढून डागडुजी करा, बस्स. म्हणून आत्याच्या घराला टेकू लावलेत. वरच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं निघून गेली. इतिहासाच्या शेजारी राहायचं तर स्वतःचं घर इतिहासजमा होईपर्यंत थांबावं लागतं, असं ती म्हणते. आत्याची जीभ आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. पण तिच्या खालचे पाचही गाळे चालू आहेत. चहावाला तिचं दूध घेऊन ठेवतो, आणि चष्मा सापडेनासा झाला की ती खिडकीतून खाली ओरडून विचारते, कारण बहुधा तो तिथेच राहिलेला असतो. वर छप्पर नाही, खाली गल्ली आहे. आमच्याकडे बरोबर उलटं. दोन्ही एका इमारतीत मिळू नयेत असं काही देवाने लिहून ठेवलंय का?

मला वाटतं, फार मोठी मागणी नाही माझी. वरच्या भाडेकरूचे चौरस फूट मोजता ना, तसे गाळेवाल्याचे रनिंग फूट मोजा. साडेसहा फूट रस्ता होता, तर साडेसहा फूट रस्ता द्या, हवं तर खोली कमी करा. दारापासून पाच मिनिटांवर मेट्रो असलेल्या इमारतीत गाड्या निम्म्या दाखवायची मुभा द्या आणि वाचलेल्या जागेत चार गाळे काढा. सोसायटीच्या बैठकीत मी हे बोलले. खजिनदार म्हणाले, "ताई, गिरणी हवीय तुम्हाला इथे? आवाजाचं काय? पिठाचं काय?" मी विचार केला आणि खरं सांगते, माझ्या बेडरूमच्या खाली मलाही नको होती. मी बसले. हा पेच मला सुटलेला नाही.

गिरणीवाले काका आता मुलाकडे आंबेगावला असतात. मागच्या वर्षी भेटायला गेले तर गॅलरीत बसले होते, समोर तशाच दहा इमारती. घरात एक छोटी घरघंटी आहे, सून त्यावर दळते. काकांनी चिमूटभर पीठ बोटांत घेऊन मला दाखवलं आणि मान हलवली. "जळतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ती किल्ल्यांची फळी कुठे गेली गं?" वाडा पाडताना लाकूड विकलं गेलं होतं, त्यात गेली असणार. मी सांगितलं, आहे, बाबांनी ठेवलीय. का सांगितलं कोण जाणे.

बाबा रोज संध्याकाळी खाली जातात. पूर्वी ओटा होता, आता रॅम्पच्या बाजूला वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची आहे. वॉचमन ती त्यांना देतो आणि स्वतः उभा राहतो. गेल्या जूनपासून गाड्यांच्या यंत्राशेजारी, जिथे खांबामुळे गाडी बसत नाही, तिथे एक इस्त्रीवाला टेबल लावून बसायला लागला. त्याला कुणी परवानगी दिली हे कुणालाच माहीत नाही. पहिल्या महिन्यात त्याच्यावरून ग्रुपवर खूप लिहून झालं. 'पार्किंग हे पार्किंगसाठीच आहे' असं खजिनदारांनी ठळक अक्षरांत टाकलं. तो मेसेज आईने मला वाचून दाखवला, आणि मग साड्यांचं बोचकं घेऊन लिफ्टने खाली गेली. आता सीएकडचे लोक त्याला शर्ट देतात, क्लासची मुलं त्याच्या टेबलाशी चहा पितात, आणि खजिनदारांचे झब्बेही मी तिथे पाहिलेत, घडी घालून, सगळ्यात वर.

परवा ऑफिसातून उशिरा आले. बाबा वर गेले होते, खुर्ची रिकामी होती. इस्त्रीवाला कोळसे विझवत होता. त्याच्या मागे खांबाला एक खिळा ठोकलेला दिसला, त्याला दोन किल्ल्या. एक कुणाची ते ओळखू आलं नाही. दुसरी आमची होती, तिला आईने बांधलेला लाल दोरा होता.

मी काही दिली नव्हती.